शब्दांचा मास्तर सिनेटमध्ये गेला तेव्हा

मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांनी इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला. हीच मागणी 1981 मध्ये घटनादुरुस्ती म्हणून सिनेटमध्ये मांडली होती एका स्थलांतरित भाषातज्ज्ञाने. एस. आय. हायाकावा त्याचं नाव.

जन्म 1906 चा, कॅनडातल्या व्हँकुव्हरचा, आईवडील जपानी. विस्कॉन्सिनला पीएचडी, मग शिकागोत प्राध्यापकी. हिटलरचा प्रचार लोकांना कसा भुलवतो हे पाहून त्यांनी ‘लँग्वेज इन अ‍ॅक्शन’ लिहिलं. 1941 चं हे पुस्तक प्रचंड खपलं. सांगणं साधं होतं: शब्द म्हणजे वस्तू नव्हे. एकदा लेबल चिकटवलं की आपण समोरचा माणूस बघणंच सोडून देतो.

लेबलाचा चटका त्यांनाही बसला होता बरं का. जपानी वंशाच्या स्थलांतरिताला 1952 चा कायदा होईपर्यंत अमेरिकेचं नागरिकत्वच मिळत नव्हतं. युद्धकाळात सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाची माणसं छावण्यांत डांबली गेली, हे शिकागोत होते म्हणून वाचले. त्या काळात ते कृष्णवर्णीयांच्या ‘शिकागो डिफेंडर’मध्ये सदर लिहीत होते!

मग आलं 1968. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय आणि इतर विद्यार्थ्यांचा संप पेटलेला. हंगामी अध्यक्ष झालेले हायाकावा थेट लाउडस्पीकरच्या गाडीवर चढले आणि त्यांनी वायरी उपटल्या. टीव्हीवर देशाने पाहिलं. संवाद शिकवणारा माणूस दुसऱ्याचा आवाज बंद करून हिरो झाला, आणि 1976 मध्ये सत्तरीत सिनेटवर निवडून आला.

छावण्यांत राहिलेल्यांना भरपाई द्यायलाही त्यांचा विरोध होता. ते मला सगळ्यात जास्त खटकतं. (सरकारने 1988 मध्ये माफी मागून प्रत्येकी 20,000 डॉलर मंजूर केले.)

इंग्रजी आल्याशिवाय स्थलांतरित तिथे पुढे जात नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण इंग्रजीला धोका होता कुठे? त्यांचा रोख होता इतर भाषांतल्या मतपत्रिकांवर. म्हणजे फटका बसणार तो मतदानाला आलेल्या, इंग्रजी जेमतेम वाचणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला.

बे एरियातल्या आपल्या मराठी घरांत बघा ना. पोरं इंग्रजी आपोआप बोलतात, रविवारी गाडी काढून न्यावं लागतं ते मराठी शाळेत.