लग्न खरं आहे, हे किती वेळा सिद्ध करायचं?

मंडळी, आज कांद्याच्या भावावर लिहीत नाही. घरातलं लिहितोय, पण विषय माझ्या एकट्याच्या घराचा नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला पावणेदोन वर्षं झाली. दाजी परदेशात नोकरीला, तिथले कायमचे रहिवासी. देशाचं नाव लिहीत नाही, कारण अर्ज अजून चालू आहे आणि खरं सांगतो, भीती वाटते. लग्नानंतर तीन आठवडे दोघं एकत्र राहिले. तेव्हापासून ती सायखेड्यात आमच्याकडे आणि संसार मोबाईलवर.

अर्जाला काय नाही जोडलं? ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, पोलिसांचा दाखला, मेडिकल, हळदीपासूनचे फोटो. नवरा-बायकोचं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणंसुद्धा छापून दिलं. नातं खरं असल्याचा पुरावा पाहिजे म्हणे! अहो, अख्खं गाव पंगतीला जेवून गेलंय, याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

तपासू नका, असं आमचं म्हणणं नाही. कागदापुरती लग्नं लावणारे आहेत, पोरीला फसवून इकडंच टाकणारेही आहेत. तपासा, पण एकदाचं हो की नाही ते सांगा ना! वाट बघता बघता मेडिकलची मुदत संपली, परत केलं, पैसे परत आमचेच. विचारलं की एकच उत्तर: 'प्रक्रिया सुरू आहे.'

कोणी म्हणेल, त्यांचा देश, त्यांचा कायदा. मान्य. पण कायदा काय म्हणतो तेही बघा. अमेरिकेत नागरिकाच्या बायकोला कोटा नाही, ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला मात्र वर्षाच्या कोट्याची रांग. ब्रिटनने 11 एप्रिल 2024 पासून जोडीदाराला बोलवायची उत्पन्नाची अट 18,600 वरून 29,000 पौंडांवर नेली. म्हणजे पगार कमी असेल तर संसार करायचा नाही? कॅनडाने डिसेंबर 2016 मध्ये असे बहुतेक अर्ज 12 महिन्यांत निकाली काढू म्हणून जाहीर केलं. पाळलं किती, हा वाद वेगळा. पण मुदत सांगता येते, एवढं तर दिसलं.

आपल्या निफाड तालुक्यातली द्राक्षं युरोपात जातात. ग्रेपनेटवर पेटीचा माग थेट बागेपर्यंत लागतो. औषधाचा अंश जास्त निघाला तर तसं लेखी कळतं. द्राक्षाच्या पेटीचा एवढा हिशोब, मग माणसाच्या फाईलचा का नाही?

24 जुलै 2025 ला ब्रिटनशी व्यापार करार झाला. मालाच्या अटी समोरासमोर बसून ठरतात, तर बायको-पोरांच्या अर्जाला मुदत आणि लेखी उत्तर मिळावं, एवढं आपल्या सरकारने प्रत्येक देशाकडे मागायला काय हरकत आहे? खासदार मत मागायला येतील तेव्हा मी हेच विचारणार. तुम्हीही विचारा.

आणि गावकऱ्यांनो, एक हात जोडून विनंती. ती बाजारात दिसली की 'अजून इथंच का गं?' हे विचारणं बंद करा. तिचा कागद अडकलाय, नातं तुटलेलं नाही.