कागद गुजरातीत, सही मराठीत



जून महिना आला की शाळेच्या कार्यालयात प्रवेशाची गर्दी होते. पालक प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडतात. जन्मदाखला, रेशनकार्ड, लाइटबिल, वेराबिल, भाडाचिठ्ठी. राहत्या जागेचा पुरावा म्हणून आलेले हे कागद आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत आणि दरवेळी एक गोष्ट मनाला टोचते. कागद गुजरातीत असतो आणि त्याखालची सही मराठीत असते. "यात काय लिहिले आहे?" असे विचारले तर बहुतेक जण हसून म्हणतात, "सर, वकिलाने बोट ठेवले तिथे सही केली."

गेल्या वर्षीची एक हकीकत त्या पालकांच्या परवानगीने, नाव न सांगता लिहीत आहोत. गृहस्थ मूळचे खानदेशातले. जी.आय.डी.सी.तल्या एका डाइंग मिलमध्ये कामाला. पंधरा-सोळा वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर त्यांनी एका सोसायटीत गाळा टाइप घर घेतले. ठरलेल्या रकमेपैकी निम्मी देऊन झाली होती आणि कुटुंब आठ महिन्यांपासून तिथे राहतही होते. धाकट्याच्या प्रवेशासाठी ते घराचा कागद घेऊन आले, तेव्हा आपल्याच शाळेत नववीत शिकणारी त्यांची मुलगी बरोबर होती. रांग लांब होती, म्हणून ती कंटाळून तो कागद मोठ्याने वाचू लागली. तिसऱ्या पानावर ती अडखळली. "बाबा, इथे लिहिलंय 'कबजो सोंपेल नथी.' म्हणजे घराचा ताबा दिलेला नाही. मग आपण राहतो ते काय?"

बाबांना उत्तर देता आले नाही. खरे तर आम्हालाही चटकन देता आले नाही.

पुढे कागद नीट वाचला तेव्हा आणखी गोष्टी निघाल्या. ज्यांनी सही करून दिली ते मालक नव्हतेच, मालकाची 'पावर' असलेले गृहस्थ होते. कागद होता तीनशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला, रजिस्टर न झालेला. आणि तलाठ्याकडून सात-बारचा उतारा काढला तेव्हा कळले की जमीन अजून शेतीचीच आहे, एन.ए. झालेलीच नाही. त्यांनी पुढचे हप्ते थांबवले, वकिलामार्फत नोटीस दिली. प्रकरण अजून चालू आहे. मुलगी दहावीला आहे.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ज्या गावात आपण राहतो त्या सचिनचा जन्मच मुळी एका करारातून झाला आहे. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणारे सिद्दी बाळूमिया यांना दुसऱ्या सिद्दीने बाहेर काढले, तेव्हा ते पुण्यास पेशव्यांकडे गेले. १७९१ साली करार झाला. बाळूमियांनी जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना द्यायचा आणि पेशव्यांनी त्या बदल्यात त्यांना सुरतेजवळची गावे द्यायची. गावे मिळाली आणि सचिनचे संस्थान उभे राहिले. ते १९४८ पर्यंत टिकले. पण पेशव्यांना जंजिरा मिळाला का? नाही. किल्ला ज्याच्या ताब्यात होता त्या सिद्दीने तो सोडलाच नाही. इतिहासाच्या तासाला 'अजिंक्य जंजिरा' म्हणून आपण अभिमानाने शिकतो, पण व्यवहार म्हणून पाहिले तर दरबारात एवढे कारभारी असताना पेशवाईने देणाऱ्याकडे कबजा नसलेली मिळकत घेतली आणि मोबदला आधी चुकता केला. आपल्या मिलमधल्या पालकांना मग किती दोष द्यायचा?

आता कायद्याविषयी. आम्ही वकील नाही. शिक्षकाला समजावे आणि समजावून सांगता यावे, एवढेच लिहीत आहोत.

स्थावर मिळकत शंभर रुपयांहून अधिक किमतीची असेल तर तिची विक्री रजिस्टर दस्तावेजानेच होते. हे १८८२ च्या मिळकत हस्तांतरण कायद्यात आणि १९०८ च्या नोंदणी कायद्यात लिहिलेले आहे. साटाखत म्हणजे 'पुढे विकीन' असे वचन. त्याने घर आपले होत नाही. पावर म्हणजे 'माझ्या वतीने काम कर' अशी मुखत्यारी. तिनेही घर आपले होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प या खटल्यात हे अगदी स्पष्ट सांगितले. पावर, साटाखत आणि मृत्युपत्र असे तिन्ही कागद एकत्र बांधून दिले तरी मालकी बदलत नाही. पावरवाल्याने मालकाच्या वतीने रीतसर दस्तावेज रजिस्टर करून दिला तर गोष्ट वेगळी. पण मालक वारला की साधारणपणे पावरही संपते आणि मग वारसांच्या दारात उभे राहावे लागते. शेतजमिनीचे तर आणखी कडक आहे. गुजरातेत शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय ती घेता येत नाही. म्हणून 'प्लॉट स्वस्त आहे' असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न 'एन.ए. झाला आहे का?' हा विचारावा.

लोक रजिस्टर का करत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. खर्च. गुजरातेत स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे. दहा लाखांच्या घराला एकूण एकोणसाठ हजार रुपये होतात. ज्याच्या घरात महिन्याच्या शेवटी दुधाचा हिशेब थकतो त्याला ही रक्कम डोंगराएवढी वाटते. पण घर स्त्रीच्या नावावर घेतले तर नोंदणी फी माफ होते, म्हणजे यातले दहा हजार वाचतात. ही सवलत आपल्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पैसे वाचतात हे एक झाले, पण घराच्या कागदावर आईचे नाव येते ही गोष्ट आम्हाला त्याहून मोलाची वाटते. मुलींच्या आयांनो, हे वाक्य घरी मोठ्याने वाचून दाखवा.

बिल्डरकडून नवे घर घेणाऱ्यांसाठी रेराचा कायदा आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवरची किंवा आठाहून अधिक घरांची योजना असेल तर तिची गुजरात रेराकडे नोंदणी हवी. रजिस्टर करार केल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता कामा नये. आणखी एक कागद मागावा, तो म्हणजे बी.यू. परवानगी. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहण्यास योग्य आहे, असे सांगणारा हा कागद. ६ जुलै २०२४ रोजी आपल्या सचिनजवळच्या पाली गावात बहुमजली इमारत कोसळली आणि सात माणसे गेली. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तिथे राहणारे भाडेकरू होते, कामासाठी बाहेरून आलेले, तुमच्या-आमच्यासारखे. भाडेकरू कधी बी.यू. परवानगी मागतो का? मागत नाही. आम्हीही उमेदीच्या काळात भाड्याने राहिलो तेव्हा फक्त पाणी किती वाजता येते एवढेच विचारले होते.

भाड्यावरून आठवले. "करार अकराच महिन्यांचा का?" असे विद्यार्थी विचारतात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, ते टाळण्यासाठी अकरा महिने लिहितात. इतके साधे कारण आहे. मात्र जळगाव-नंदुरबारला तुमच्या नातेवाइकांनी घर भाड्याने दिले असेल तर तिथे हा नियम लावू नका. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. डिपॉझिट कुठेही द्या, त्याची पावती घ्या. तोंडी दिलेले डिपॉझिट घर सोडताना तोंडीच राहते.

दुकानातील फसवणुकीबद्दल थोडक्यात. पंखा, मोबाइल, शिवणयंत्र, क्लासची फी, काहीही असो, पक्के बिल असेल आणि दोन वर्षे उलटली नसतील तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते. बिल्डरने वेळेत घर दिले नाही तर तोही ग्राहकाचाच प्रश्न आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच ठरवले आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. म्हणजे ग्राहकांच्या चळवळीत मराठी माणूस पुढे होता. तरी आपल्याकडे 'बिल नको, दोनशे कमी करा' हा संवाद आजही रोज ऐकू येतो!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सही केली की कागद मानलाच जातो. 'मला गुजराती वाचता येत नव्हते' हे कारण न्यायालयात सहसा उपयोगी पडत नाही. कोणी फसवून सही घेतली हे सिद्ध करता आले तर करार मोडता येतो, पण सिद्ध करण्यात वर्षे जातात. आपल्या पिढीतल्या अनेकांचे शिक्षण महाराष्ट्रात झाले. आपण गुजराती बोलायला मिलमध्ये शिकलो, वाचायला शिकलो नाही. मुलांचे तसे नाही. ती मराठी माध्यमात शिकतात आणि गुजराती हा विषयही शिकतात. गुजराती शिकवणे तर २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व शाळांना सक्तीचे झाले आहे. म्हणजे घरात तो कागद वाचू शकणारी व्यक्ती असते, पण सही होते तेव्हा ती शाळेत किंवा अंगणात असते.

आमचे स्पष्ट मत आहे की कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो घरी आणावा, एक रात्र ठेवावा आणि मुलाने किंवा मुलीने तो सर्वांसमोर वाचावा. समोरचा 'आत्ताच सही करा, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक आहे' असे म्हणाला तर त्याला ते गिऱ्हाईक लखलाभ होवो. आणि शाळेने आठवी-नववीच्या मुलांना भाडाचिठ्ठी, साटाखत, सात-बार, वेराबिल वाचायला शिकवावे. निबंधापेक्षा हे गुजराती त्यांना अधिक वेळा लागणार आहे.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी हरकत घेतली. मुलांना मोठ्यांच्या देण्याघेण्यात ओढू नये, घरातले कर्ज किती हे मुलाला कळले तर त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो. अठरा वर्षांखालील मुलाने करार केला तर तो कायद्याने करारच नसतो, हे १९०३ पासून ठरलेले आहे. तेव्हा मुलाने निर्णय घ्यावा असे कोणी म्हणत नाही. त्याने वाचावे, न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि मोठ्यांनी तो कागद घेऊन वकिलाकडे जावे. घरातले कर्ज मुलांपासून लपून राहते असेही आम्हाला वाटत नाही. दोन खोल्यांच्या घरात काय लपते?

मंडळाने अखेर प्रयोग म्हणून चार शनिवार मंजूर केले आहेत. शेवटचे दोन तास, आठवी व नववीचे वर्ग एकत्र. वकिली करणारे आपले एक माजी विद्यार्थी येणार आहेत. पालकांनी कागदाची झेरॉक्स द्यावी, मूळ प्रत देऊ नये. नाव, रक्कम आणि आधार क्रमांकावर पांढरी पट्टी चिकटवून मगच झेरॉक्स काढावी. वर्गात कोणाचा कागद आहे हे कोणी विचारणार नाही. पहिल्या शनिवारी भाडाचिठ्ठी घेणार आहोत, कारण ती जवळजवळ सगळ्यांच्याच घरी आहे.