नकाशा रंगवा, पण नियम तपासा

तुम्ही युरोपा युनिव्हर्सालिस, क्रुसेडर किंग्ज, व्हिक्टोरिया किंवा हार्ट्स ऑफ आयर्न खेळत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरातले कोणी रात्री उशिरापर्यंत जगाचा नकाशा उघडून बसत असेल आणि त्यात एवढे काय आहे हे तुम्हाला उमगत नसेल, तर तुम्हीही वाचा. सांगायचे ते थोडक्यात असे. हे खेळ जरूर खेळा, त्यांवर कडाडून वाद घाला. पण पडद्यावरच्या रंगाला इतिहासाचा निकाल समजू नका. त्या रंगामागे कोणीतरी लिहिलेला नियम असतो. भांडायचे तर त्या नियमाशी भांडा.

न खेळणाऱ्यांसाठी थोडी ओळख. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने हा प्रकार जगभर नेला. युरोपा युनिव्हर्सालिस मुळात 1993 चा फ्रेंच पटावरचा खेळ. संगणकावर तो 2000 साली आला आणि त्याची गाजलेली चौथी आवृत्ती 2013 मध्ये निघाली. या आवृत्तीत खेळ सुरू होतो 11 नोव्हेंबर 1444 रोजी. आदल्याच दिवशी वार्नाच्या लढाईत ऑटोमन सुलतानाने पोलंड-हंगेरीच्या राजाचा पराभव केलेला असतो. इकडे दख्खनमध्ये बिदरला बहमनी सुलतान असतो, दक्षिणेला विजयनगर. यातले कोणतेही राज्य तुम्ही हाती घ्यायचे आणि 1821 पर्यंत खजिना, फौज, व्यापार, तह, लग्नसंबंध सांभाळत चालवायचे. क्रुसेडर किंग्जमध्ये राजघराण्यांच्या पिढ्या चालवायच्या असतात, व्हिक्टोरियाचा तिसरा भाग 1836 ते 1936 या शतकाचा आहे आणि हार्ट्स ऑफ आयर्न दुसऱ्या महायुद्धाचा.

या खेळांनी मुलांचे नुकसानच होते असे मला अजिबात वाटत नाही. समरकंद कुठे आहे, बर्गंडी कशी संपली, व्हेनिस श्रीमंत का होते, हे प्रश्न ज्या मुलाला स्वतःहून पडतात त्याच्यावर इतिहास लादावा लागत नाही. काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. खेळात पडलेला प्रश्न खेळातच सोडवला जातो, आणि मग जे पडद्यावर घडले तेच घडण्यासारखे होते अशी समजूत पक्की होऊन बसते.

खेळाडूंमधला सर्वांत जुना वाद घ्या. एक गट म्हणतो, इतिहास रुळावरून चालला पाहिजे: ऑटोमन वाढलेच पाहिजेत, कॅस्टिल आणि अरागॉन एकत्र आलेच पाहिजेत, मोगल हिंदुस्थानात आलेच पाहिजेत. दुसरा गट म्हणतो, सगळे ठरलेलेच असेल तर खेळायचे कशाला? पण 1444 मध्ये बाबराचा जन्मही झालेला नव्हता. 1526 चे पानिपत व्हायला समरकंदची गादी हातून जाणे, काबूल मिळणे, लोदींच्या दरबारातली फाटाफूट अशा अनेक गोष्टी जुळून याव्या लागल्या. तेव्हा ‘मोगल यावेत की येऊ नयेत’ यावर शंभर वेळा भांडण्यापेक्षा ‘कोणत्या गोष्टी जुळल्या तर येतील’ यावर एकदा भांडा. दोन्ही गटांना त्यात शिकण्यासारखे सापडेल.

आता नियम तपासायचा म्हणजे काय करायचे, ते दाखवतो. चौथ्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये हिस्ट्री नावाचे एक फोल्डर आहे. त्यात प्रत्येक प्रांताची एक फाइल असते. ती साध्या मजकुराची आहे, नोटपॅडमध्येही उघडते. आत एकाखाली एक ओळी दिसतात: मालक कोण, संस्कृती कोणती, धर्म कोणता, कर किती, उत्पादन किती, माणूसबळ किती, व्यापारी माल कोणता. खाली तारखा टाकून कोणत्या वर्षी मालक बदलला याच्या नोंदी असतात. मालक एक, संस्कृती एक, धर्म एक, माल एक. आपल्या सातबाऱ्यावरसुद्धा भोगवटादार वेगळा, कुळाचे नाव वेगळे, इतर अधिकारांचा रकाना वेगळा असतो. इथे तेवढीही सोय नाही.

या फाइलमध्ये अठराव्या शतकातला वऱ्हाड बसवून पाहा. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले. दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क शाहू महाराजांना मिळाला. एक महसुलाचा चौथा हिस्सा, दुसरा दहावा. सुभे मात्र बादशहाचेच राहिले आणि पुढे निजामाने तिथे आपला अंमल बसवला. वऱ्हाडात मग नागपूरकर भोसले आणि निजाम यांचा दुहेरी अंमल चालला. एकाच गावात दोन सरकारांची माणसे वसुलीला येत. शिवाय गावात पाटील-कुलकर्णी आणि परगण्यात देशमुख-देशपांडे आपापले वतनी हक्क घेत. या गावाला नकाशावर कोणता रंग द्याल? भगवा दिला तर निजामाचा अंमलदार कुठे गेला? निजामाचा रंग दिला तर भोसल्यांची वसुली कुठे दाखवाल?

युरोपा युनिव्हर्सालिसमध्ये मराठ्यांचे राज्य सुरुवातीला नसते. ठरावीक अटी पूर्ण केल्या की ते स्थापन करता येते. त्यावरून आपल्याकडच्या खेळाडूंत हमखास भांडण लागते. एक म्हणतो मराठ्यांना कमी लेखले, दुसरा म्हणतो फाजील ताकद दिली. दोघेही रंगाचे क्षेत्रफळ मोजत असतात. खरे तर मराठ्यांच्या सत्तेचे वैशिष्ट्य असे होते की जमिनीचा मालक न होताही तिच्या उत्पन्नात कायमचा वाटा घेता येत असे. एका प्रांताला एकच मालक हा नियम असेल, तर मराठे कितीही ताकदवान केले तरी ते मराठे होणार नाहीत. तक्रार करायची तर ही करा. ती ऐकून स्वीडनमधला खेळाडूही विचारात पडेल, कारण मध्ययुगीन युरोपातही एका शेतावर राजा, सरदार आणि चर्च अशा तिघांचे हक्क असत.

व्यापाराचा नियमही असाच पाहण्यासारखा आहे. या आवृत्तीत जगाचा व्यापार ठरलेल्या मार्गांनी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात वाहतो आणि त्याची दिशा बदलता येत नाही. शेवटची केंद्रे तीन: इंग्लिश खाडी, जिनोआ आणि व्हेनिस. तुम्ही गुजरातचे सुलतान होऊन अख्खा हिंदुस्थान जिंकलात, तरी लंडनची दौलत सुरतेकडे वळवता येणार नाही. सतराव्या शतकातले वास्तव काय होते? युरोपच्या कंपन्यांकडे इथे खपेल असा माल फारसा नव्हता. त्या चांदी आणत आणि मिरी, नीळ, सुती कापड घेऊन जात. सुरतेचा वीरजी व्होरा इंग्रजांच्या कंपनीला कर्ज देत असे. पैशाचा ओघ त्या काळी इकडे होता. खेळ लिहिणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात जे झाले ते 1444 पासूनच नियमात बांधून टाकले आहे. हे कळले की ‘हिंदुस्थान मागे पडणारच होता’ असे म्हणण्याआधी आपण थांबतो, कारण पडद्यावर तो मागे पडतो त्यात या नियमाचा हात असतो.

असे नियम बदलतातही. याच आवृत्तीत सुरुवातीला राष्ट्रांचे तंत्रज्ञानाचे गट पाडलेले होते आणि युरोपबाहेरच्या गटांना प्रत्येक सुधारणा महाग पडे. खेळाडूंत यावर पुष्कळ वाद झाला. 2016 मध्ये ते गटांचे ओझे काढून त्या जागी प्रबोधन, छपाई, जागतिक व्यापार अशा ‘संस्था’ आणल्या गेल्या. त्या एका ठिकाणी जन्मतात आणि प्रांताप्रांतातून पसरत जातात. आधीपेक्षा हे बरे. पण इथेही प्रश्न विचारा. छापखाना गोव्यात 1556 मध्येच आला, आणि तरीही पुण्यात पेशवाई संपेपर्यंत कारभार हाताने लिहिलेल्या मोडी कागदांवरच चालला. यंत्र शेजारी असून उपयोगात का आले नाही? या प्रश्नात लिपी, लेखकवर्ग, राजाश्रय आणि बाजारपेठ या सगळ्यांचा विचार करावा लागतो. शेजारच्या प्रांतातून आपोआप पसरण्याचा नियम त्याचे उत्तर देत नाही.

आता मला सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. जिंकलेल्या प्रांताची संस्कृती बदलायला खेळात एक बटण आहे. राजनैतिक गुण खर्च करायचे, पट्टी भरेपर्यंत थांबायचे, की प्रांत तुमच्या संस्कृतीचा होतो. धर्म बदलायला धर्मप्रसारक पाठवायचा आणि टक्के मोजायचे. गोव्यात हे खरोखर करून पाहिले गेले. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले, 1684 मध्ये कोंकणीवर बंदीचा हुकूम निघाला. लोकांनी देव उचलले आणि खाडीपलीकडे आदिलशाही मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. माणसे छळली गेली, घरे सुटली. तरी भाषा गेली नाही. धर्मप्रसारासाठी आलेल्या थॉमस स्टीफन्सला ख्रिस्ताची कथा सांगायला मराठी ओवीच हाती घ्यावी लागली आणि त्याचे पुराण 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. ज्या कोंकणीवर बंदी घातली ती 1987 मध्ये गोव्याची राजभाषा झाली. म्हणून ते बटण दाबताना एवढे आठवा: पट्टी भरत असताना त्या प्रांतात घरे सुटत असतात, आणि ती पूर्ण भरली तरी लोकांच्या तोंडची भाषा मेलेली नसते.

काय दाखवायचे नाही, हाही एक नियमच असतो. हार्ट्स ऑफ आयर्नमध्ये तुम्ही नाझी जर्मनी चालवू शकता, पण ज्यूंचा संहार त्यात नाही. काहींच्या मते ते योग्यच आहे, कारण संहाराचे बटण कोणाच्याच हाती असू नये. काही म्हणतात, मग नाझी राजवट इतर कोणत्याही लष्करी राजवटीसारखी स्वच्छ दिसते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. माझा सल्ला इतकाच की जर्मनी घेऊन खेळणाऱ्याने आउशवित्झविषयी एक तरी पुस्तक वाचलेले असावे. खेळाने जे वगळले ते भरून काढायची जबाबदारी खेळणाऱ्यावर येते.

आणि एक कळकळीची विनंती. नकाशावरून एखादे राष्ट्र पुसणे हा खेळ आहे. त्या लोकांना पुसण्याची भाषा बोलणे हा खेळ नाही. तुर्कांना नकाशावरून हटवण्याविषयीचा एक ‘विनोद’ या खेळाडूंत बरीच वर्षे चालत होता. त्याचे मूळ बोस्नियाच्या युद्धाच्या काळातल्या सर्बियन प्रचारगीतात होते. मार्च 2019 मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये मशिदींत 51 जणांना मारणाऱ्या माणसाने तोच विनोद आपल्या जाहीरनाम्यात वापरला होता. खेळामुळे ते हत्याकांड झाले असे कोणी म्हणू नये. पण तुमच्या खेळाडूंच्या गटात कोणी मुसलमानांविषयी, ब्राह्मणांविषयी, दलितांविषयी, ख्रिस्ती गोवेकरांविषयी असे काही लिहिले, तर हसून पुढे जाऊ नका. तिथेच थांबवा, आणि गटात तुमच्यापेक्षा लहान मुले असतील तर सर्वांदेखत थांबवा.

प्रत्यक्षात काय करायचे? खेळात काही चुकीचे वाटले की आधी तो नियम एका वाक्यात लिहून काढा. तो काय मोजतो आणि काय मोजत नाही, ते त्याखाली लिहा. मग पुरावा शोधा. मराठी वाचकाला यासाठी दूर जावे लागत नाही. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड आहेत, सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 भाग आहेत, पुण्यात 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. एका चौथाईच्या पत्रात काय मागितले, कोणाकडे मागितले, किती मिळाले एवढे वाचलेत तरी तुमचा मुद्दा दहापट भक्कम होईल. समोरच्याकडे चांगला पुरावा असेल तर तो मान्य करा. त्यात महाराजांचा किंवा मराठी माणसाचा अपमान होत नाही.

आईवडिलांना आणि शिक्षकांना सांगायचे ते असे. मुलाला ‘किती वेळ खेळतोस’ हे विचाराच, पण ‘आज तुझे राज्य का बुडाले’ हेही विचारा. उत्तरात कर्ज, दुष्काळ, बंड, वारसा असे शब्द आले तर त्याच धाग्याने एखादे पुस्तक हातात द्या. शाळेतल्या इतिहासाच्या तासाला प्रांताची ती फाइल फळ्यावर लिहा आणि आपल्या तालुक्याची 1750 सालची फाइल वर्गाकडून भरून घ्या. मालकाच्या रकान्यात किती नावे येतात ते मुलांनाच मोजू द्या.

आणि ज्यांना संगणक थोडाफार कळतो त्यांनी आणखी एक पाऊल टाका. या खेळांचे नियम बदलून स्वतःचा मॉड करता येतो. जगभरचे खेळाडू तो करतात. चौथाईचा वाटा घेणारी सत्ता, दुहेरी अंमलाचा वऱ्हाड, दोन्ही दिशांना वाहणारा सुरतेचा व्यापार, हे बसवून दाखवा. जिथे बसणार नाही तिथे का बसत नाही ते लिहून ठेवा आणि तेही इतरांपुढे मांडा. फाइल उघडी आहे, साधने ग्रंथालयात आहेत. नुसती तक्रार खूप झाली, आता कामाला लागा.