सव्वाआठ फुटांची वाट

महसूल खात्याच्या दप्तरात गावोगावचे जे नकाशे जपून ठेवलेले आहेत, त्यांवर सर्व्हे नंबरांच्या हद्दी, ओढे, विहिरी आणि गावठाणे यांच्या जोडीला एक बारीक, तुटक, एकेरी रेषा एका पाड्यापासून दुसऱ्या पाड्यापर्यंत वळणे घेत गेलेली असते, आणि नकाशा पाहणारे बहुतेक लोक तिच्याकडे लक्ष न देताच पुढे जातात. ही रेषा पायमार्गाची. तुटक दुहेरी रेषेने दाखविलेला गाडीमार्ग १६.५ ते २१ फूट रुंद आणि तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फूट रुंद, असे प्रमाण सरकारी कागदांत नमूद आहे. जुन्या मुंबई इलाख्यात जमीनमोजणीची साखळी ३३ फुटांची होती, तिच्याच चौरसाला आपण अद्याप गुंठा म्हणतो, आणि तिचा बरोबर चौथा हिस्सा म्हणजे हे सव्वाआठ फूट. ज्या मोजणीदाराने रयतेचे शेत मोजले, त्याने रयतेच्या पायांची वाटही तितक्याच काटेकोरपणे मोजली होती.

पालघर आणि बोईसर-तारापूरच्या परिसरातील या वाटा पुन्हा एकवार मोजल्या जाव्यात, त्यांच्यावर खुणा रोवल्या जाव्यात आणि त्या कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, तर चालणाऱ्या प्रत्येकाच्या हक्काने खुल्या राहाव्यात, अशी माझी मागणी आहे. ती आजच करण्याचे कारण असे, की १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मास आलेल्या या जिल्ह्यातून मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन असे तीन प्रचंड पट्टे ओढले गेले आहेत, वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाल्यामुळे त्यांत आणखी रस्त्यांची व रुळांची भर पडणार आहे, आणि अशा प्रत्येक पट्ट्याखाली कितीतरी तुटक रेषा कायमच्या तुटतात. जमीन गेली तर तिचा मोबदला ठरतो, झाड गेले तर त्याचाही पंचनामा होतो. वाट गेली तर तिच्या नावाने अर्ज करायला कोणी खातेदारच नसतो.

या वाटा ज्यांनी पायांखाली घातल्या आहेत, त्यांना त्यांचे वैभव सांगण्याची गरज नाही. केळवे-माहीमच्या वाड्यांमधून जाणारी वाट घ्या. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, त्यांच्या सावलीत पानवेलींचे मांडव, मधून वाहणारा पाण्याचा अरुंद पाट आणि कुंपणाला लागून जेमतेम दोन माणसे शेजारून जातील एवढी चिंचोळी, पालापाचोळ्याने मऊ झालेली जागा, की जिथे भर दुपारीही उन्हाचे कवडसेच काय ते जमिनीवर पडतात. तीच वाट पुढे वाड्या संपल्यावर खाजणाच्या बांधावर चढते, आणि तेथून एका अंगाला शिरगावच्या किल्ल्याची दिशा व दुसऱ्या अंगाला भरती-ओहोटीने रंग बदलणारा चिखल असा सारा मुलूख उघडा होतो. लोहमार्गाच्या पूर्वेला निसर्गाचा स्वभाव अगदी निराळा. वाघोबाच्या खिंडीकडे आणि काळदुर्गाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटा भातखाचरांमधून जातात, आणि त्यांचा एक विशेष मला नेहमीच अत्यंत सुज्ञपणाचा वाटत आला आहे: पावसाळ्यात खाचर भरलेले असताना वाट निमूटपणे बांधावरून वळसा घेते, आणि भात कापून झाले की तीच वाट खाचराच्या मधून तिरपी, सरळ व जवळची होते. शेतकरी आणि वाटसरू यांच्यातील हा करार कोणी लिहिलेला नाही, परंतु पिढ्यानुपिढ्या दोघांनीही तो पाळला आहे.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात हाच करार लिहिला गेला, आणि त्यामुळे तो टिकला. तेथे डार्बीशायर परगण्यात चॅट्सवर्थ नावाचा ड्यूकचा विशाल प्रासाद आहे. त्याच्या भोवतीचे उद्यान अठराव्या शतकात ‘केपेबिलिटी’ ब्राऊन या विख्यात उद्यानरचनाकाराने घडविले, आणि त्या उद्यानातील हरिणांच्या कळपांजवळून एडन्सर या खेड्याकडे सामान्य मनुष्य कोणाचीही परवानगी न मागता पायी जाऊ शकतो. इंग्लंड व वेल्स मिळून असे नोंदलेले मार्ग सुमारे सव्वादोन लक्ष किलोमीटर आहेत. शेताच्या दगडी गडग्यावर लाकडी पायऱ्या बसविलेल्या असतात, कुंपणात माणूस निघेल पण जनावर निघणार नाही अशी झुलती फाटके असतात, आणि जागोजाग बाणाची खूण असते. शेतकऱ्याने मार्गावरून नांगर फिरवला, तर पेरणीसाठी पहिल्यांदा उकरलेला मार्ग चौदा दिवसांच्या आत पुन्हा चालण्याजोगा करून देणे त्याच्यावर बंधनकारक असते.

हे सारे काही उमरावांच्या औदार्यातून मिळालेले नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर व आसपासच्या औद्योगिक नगरांतील शेकडो कामगार तरुण किंडर स्काउट या शिकारीसाठी राखून ठेवलेल्या माळावर मनाई मोडून चढले, त्यांतील पाच जणांना कारावास भोगावा लागला, आणि त्यानंतर सतरा वर्षांनी, १९४९ मध्ये, प्रत्येक परगण्याने आपल्या पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करावा असा कायदा पार्लमेंटने केला. आठवडाभर गिरणीच्या धुरात राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळ्या माळावर चालता यावे, ही त्या चळवळीची प्रेरणा होती. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी संपवून टँकरांच्या रांगांमधून, पदपथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने, नाकाला रुमाल लावून घरी परतणारा बोईसरचा कामगार पाहिला, म्हणजे या प्रेरणेचा अर्थ आपल्याला परका वाटण्याचे कारण उरत नाही.

आपला कायदा याबाबत सर्वस्वी मुका आहे, असे मात्र नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २० सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा यांची मालकी राज्य शासनाकडे देते. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला दिला आहे. वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात मान आहे, आणि इंग्लंडच्या १९८० च्या कायद्यातही वाट सार्वजनिक मानण्याची मुदत वीसच वर्षांची आहे. न्यून आहे ते निराळ्या ठिकाणी. वाट अडली असता तहसीलदाराकडे दाद मागण्याचे जे दोन हमरस्ते आहेत, म्हणजे संहितेचे कलम १४३ आणि १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, ते दोन्ही शेतजमिनीच्या अनुषंगाने आखलेले आहेत. आपल्या शेताकडे जाणाऱ्या धारकाला तेथे उभे राहता येते, परंतु शाळेला जाणारी पाड्यावरची मुलगी, टोपली घेऊन निघालेली कोळीण किंवा केवळ पाय मोकळे करायला निघालेला गृहस्थ यांना तेथे जागा नाही. मे २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सात-बाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी असा निर्णय घेतला. तो स्तुत्यच आहे, पण त्याच्या दृष्टीपुढे यंत्रे आहेत. ट्रॅक्टरला वाट मिळाली आणि पायांची वाट विस्मरणात गेली.

वाडीवाल्यांची एक तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे आणि ती रास्त आहे. सुट्टीच्या दिवशी केळव्याला लोटणारी गर्दी वाटांवर शिरली, की बाटल्या व प्लास्टिक वाडीत येऊन पडते, नारळ नाहीसे होतात, पानवेलींचे नुकसान होते. परंतु वाटेची रेषा निश्चित नसणे हेच या उपद्रवाचे मोठे कारण आहे. जिथे खूण नाही तिथे परका माणूस कोठेही शिरतो, आणि मग कातावलेला मालक सर्वांनाच बंदी घालतो. रेषा ठरली, फाटक बसले आणि त्याबाहेर पाऊल टाकणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार पंचायतीला मिळाला, तर मालकाचे संरक्षण वाढेल. दुसरा आक्षेप असा, की आता घरोघरी मोटारसायकल आली, चालतो कोण? ज्या घरात एक मोटारसायकल आहे त्या घरातील उरलेली चार माणसे चालतात, आणि ती बहुधा बायका, मुले व म्हातारी असतात, एवढेच याचे उत्तर पुरेसे आहे.

आरंभ कोठून करावा, हे इतिहासानेच आपल्याला दाखवून ठेवले आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी भोवतालच्या गावांतून निघालेले सत्याग्रही पालघरच्या मामलेदार कचेरीवर चालून आले आणि गोळीबारात नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सालवडचे सुकुर गोविंद मोरे, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी हे पाच वीर धारातीर्थी पडले. त्यांचे स्मरण दरवर्षी पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी होते आणि ते योग्यच आहे. पण ज्या गावांतून ते निघाले, त्या गावांपासून स्तंभापर्यंतची वाट कोणती, हे आज शाळेतल्या मुलाला दाखविता येत नाही. नांदगावहून सालवडमार्गे बोईसर ओलांडून, आणि मुरब्याहून खाडीपार सातपाटी व शिरगाव घेऊन, असे दोन पायमार्ग जुन्या नकाशांवरून निश्चित करावेत, जिथे कारखान्याची भिंत अथवा लोहमार्ग आडवा आला असेल तिथे पर्यायी वाट कागदावर लिहून द्यावी, आणि मैलामैलावर दगड रोवावेत.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. भातकापणीनंतर जमीन वाळली, म्हणजे प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कचेरीतून मागवावा, गावातील वडीलधाऱ्यांना पुढे घालून त्यावरची तुटक रेषा स्वतः चालून पाहावी, नकाशावर नसलेल्या परंतु वीस वर्षांहून अधिक वहिवाटीच्या वाटा त्याला पुरवणी म्हणून जोडाव्यात आणि ठरावासह तो तहसीलदारांकडे सादर करावा. जिल्हाधिकाऱ्यांनी या नकाशांच्या नकला ग्रामपंचायतींना विनाशुल्क देण्याचा हुकूम काढावा, आणि नव्या प्रकल्पाच्या भूसंपादनाची मोजणी होताना सातबारा उताऱ्यांबरोबर हा पायमार्गांचा नकाशाही मोजणीदाराच्या हाती असावा. वाढवणकडे जाणाऱ्या मार्गांसाठी अजून पुष्कळ जमीन मोजली जायची आहे, तेव्हा पहिले ठराव चिंचणी, वरोर आणि त्यांच्या पूर्वेकडील पाड्यांतून याच हिवाळ्यात यावेत.