उशीर कोणी केला?

"ताई, पयल्यांदा दवाखान्यात गेली तवा मले चवथा महिना होता. आता मलेच म्हंतात, तुनं उशीर केला!"

मूर्तिजापूर स्टेशनच्या बाकावर बसून ती सांगत होती. शेतमजूर, पदरात दोन मुलं, नवरा हे गर्भारपण चालू असतानाच गेलेला. पहिल्या दवाखान्यात विचारलं, नवऱ्याची सही कुठे? नवरा नाही म्हटल्यावर सासऱ्याची सही मागितली. सासरा देईना. मग सोनोग्राफीची तारीख, मग डॉक्टरीणबाई रजेवर, मग अकोल्याला जा. प्रत्येक खेपेला कापूसवेचणीची रोजी बुडाली. एकविसावा आठवडा लागल्यावर उत्तर मिळालं, "आता कोर्टात जा." कोर्ट म्हणजे नागपूर! ती माझ्यापर्यंत पोचली तेव्हा चोवीस आठवडेही उलटले होते.

मैत्रिणींनो, यातली एकही अडवणूक कायद्यात नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्याला सज्ञान बाईची फक्त तिचीच संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोघांचं लागतं, आणि ही सवलत ज्यांना आहे त्यांत बलात्कारित, अल्पवयीन, अपंग बायांबरोबर गर्भारपणात विधवा झालेली बाईही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही त्यात घेतलं. म्हणजे हिला कोर्टाची गरजच नव्हती. कायदा दिल्लीत बदलला, दवाखान्याच्या खिडकीवर अजून सासऱ्याचंच राज्य आहे.

पण कायद्याचंही कौतुक पुरे. तो हक्क बाईला देत नाही, परवानगी डॉक्टरला देतो. गर्भात गंभीर व्यंग असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही, मात्र वैद्यकीय मंडळाचा होकार हवा. जानेवारी २०२३ मध्ये अशाच एका प्रकरणात मंडळाने नकार दिला होता. गर्भ ३२ आठवड्यांच्या पुढे गेलेला. मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं, निर्णय त्या बाईचा आहे, मंडळाचा नाही. एवढं साधं वाक्य ऐकायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं! वेचणीची रोजी बुडवून कितीजणी जातील?

आता थोडं स्वतःकडे पाहू. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण लढलो, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्रात आणि १९९४ मध्ये देशात कायदा झाला. त्याचा अभिमान आहेच. पण भिंतीभिंतीवर 'भ्रूणहत्या' हा शब्द आपणही रंगवला. हत्या म्हटलं की गर्भपात करणारी प्रत्येक बाई खुनी ठरते. चौथा-पाचवा महिना म्हटला की डॉक्टरला चौकशी दिसते, आणि तो बाईला पुढच्या गावचा रस्ता दाखवतो. आपला विरोध लिंगनिवडीला होता, गर्भपाताला नव्हता. हे आपण तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं. निदान आता तरी तो शब्द टाकू या.

आणि मागू या. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गर्भपाताची सोय आणि नेमलेला डॉक्टर. 'नवऱ्याची, सासऱ्याची सही लागत नाही' ही पाटी दारावर, मराठीत. परत पाठवलेल्या प्रत्येक बाईच्या हाती तारीख आणि कारण लिहिलेला कागद.

तो कागद हाती असला की उशीर कोणी केला, हे सहीशिक्क्यानिशी दिसेल. आज आठवडे फक्त बाईचे मोजले जातात. उद्या व्यवस्थेचेही मोजू.