काळ्या काचा आणि कायद्याचे टक्के

मोटारीच्या काचेतून किती उजेड आरपार जावा, हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकाने हाती घ्यावा इतक्या महत्त्वाचा आहे काय, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. महागाई आहे, बेकारी आहे, शेतमालाचे भाव आहेत; त्यांत काचेचे काय कौतुक? परंतु सत्तेची रीत ओळखावयाची तर मोठ्या घोषणांपेक्षा लहान नियमांकडे पाहणे अनेकदा उपयोगी पडते. सर्वांच्या मालकीच्या म्हणून ज्या थोड्या जागा उरल्या आहेत त्यांत रस्ता मोडतो. त्या रस्त्यावर कोणी सर्वांना दिसावे आणि कोणाला पडद्याआड राहता यावे, हे ठरविणारा नियम क्षुल्लक नसतो.

नियम मुळात साधा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील शंभराव्या नियमाप्रमाणे वाहनाच्या समोरच्या व मागच्या काचेतून कमीत कमी ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून कमीत कमी ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. येथे पहिली गफलत होते ती टक्क्यांच्या अर्थाची. हे टक्के काळेपणाचे नसून पारदर्शकतेचे आहेत. आकडा जितका लहान तितकी काच अधिक काळी. दुसरी गफलत हिशेबाची. कारखान्यातून आलेली काच काही शंभर टक्के उजेड सोडत नाही. समजा, बाजूची काच ७५ टक्के उजेड सोडते. तिच्यावर ‘साठ टक्क्यांची, म्हणजे कायद्यात बसणारी’ म्हणून दुकानदाराने फिल्म चिकटविली, तर पंचाहत्तरांतले साठ टक्के, म्हणजे ४५ टक्केच उजेड आत जाईल आणि नियम मोडेल. समोरच्या ७५ टक्क्यांच्या काचेवर तर नव्वद टक्के पारदर्शक फिल्मसुद्धा चालत नाही. हिशेब साडेसदुसष्टावर येतो. हे गणित दुकानदार सांगत नाही. दंडाची पावती मात्र गाडीवाल्याच्या नावाने फाटते.

हे आकडे कोणाच्या सोयीसाठी आहेत? रात्री, पावसात, रस्त्यावरचे दिवे बंद असताना काळ्या काचेतून बाजूने येणारा सायकलस्वार चालकाला उशिरा दिसतो, ही एक गोष्ट झाली. दुसरीचा विचार मोटारीत बसणारे सहसा करीत नाहीत. रस्ता ओलांडणारा मनुष्य चालकाच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. त्याने आपल्याला पाहिले की नाही, तो थांबणार की दामटणार, हे त्याच्या नजरेवरून ताडून पादचारी पाऊल उचलतो. सिग्नल नसलेल्या आपल्या असंख्य चौकांत सगळी वाहतूक या नजरानजरेवर चालते. काच काळी झाली की हा व्यवहार एकतर्फी होतो. आतल्याला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला आतला दिसत नाही. पायी चालणाऱ्याकडून त्याचे एकमेव संरक्षण काढून घेतल्यासारखेच हे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या याचिकेचा निकाल दिला आणि त्या वर्षीच्या ४ मे पासून काचांवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा अन्य आवरण चिकटविण्यास देशभर मनाई केली. नियमाला अभिप्रेत आहे ती कारखान्यात तयार होतानाच ठरलेली काचेची पारदर्शकता. तयार काचेवर मागाहून काही चिकटविण्याची मुभा त्यात नाही, असा न्यायालयाचा आशय होता. खाजगी सोय सार्वजनिक हिताच्या खाली राहिली पाहिजे, हेही त्या निकालात स्पष्ट झाले. फिल्म बनविणाऱ्यांनी पुन्हा दाद मागितली; ऑगस्ट २०१२ मध्ये तीही फेटाळली गेली, आणि पोलिसांनी नुसती पावती फाडून न थांबता फिल्म उतरविली पाहिजे, असा आदेश झाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला दिल्लीत जे भीषण कृत्य घडले, ते रस्त्यावरून फिरत असलेल्या, गडद काचांच्या व पडद्यांच्या एका खाजगी बसमध्ये घडले. काळी काच स्त्रियांना संरक्षण देते, असे सांगणाऱ्यांनी त्या बसची आठवण ठेवावी.

मात्र याच निकालात एक दार किलकिले राहिले. झेड आणि झेड प्लस दर्जाची सुरक्षा असलेल्यांच्या बाबतीत पोलीस महासंचालक किंवा आयुक्त आणि गृहसचिव यांच्या समितीने सूट देण्याचा विचार करावा, अशी ती तरतूद आहे. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याला सूट मिळण्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती सूट मागण्याच्या वृत्तीबद्दल, आणि त्याहून अधिक, न मागताच घेतलेल्या सुटीबद्दल. झेड सुरक्षा असणाऱ्यांची संख्या किती, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत काळ्या काचांमागे बसून फिरणारे अध्यक्ष, सभापती, ठेकेदार आणि त्यांचे भाचे किती? मोटारींवरचे लाल दिवे मे २०१७ पासून उतरले, तेव्हा विशिष्टांची संस्कृती संपल्याची द्वाही फिरविली गेली. दिवा टपावरून गेला. त्यातला रुबाब काचेत उतरला. लाल दिवा निदान दुरून ओळखता तरी येत असे.

उलट पावत्या फाटतात त्या कोणाच्या, हे टॅक्सीतळावर जाऊन विचारावे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे १७७वे कलम येथे लागू होते. २०१९च्या दुरुस्तीने त्यातील दंड पहिल्या गुन्ह्यास १०० रुपयांवरून ५०० आणि पुढील गुन्ह्यास ३०० वरून १,५०० रुपये झाला. हप्त्यावर गाडी घेतलेल्या पर्यटन टॅक्सीवाल्याला ही रक्कम जाचते. वीस-पंचवीस लाखांच्या मोटारीच्या मालकाला ती देवळातल्या दक्षिणेसारखी वाटते. भरावी आणि पुन्हा फिल्म चिकटवावी. दंड सर्वांना सारखा, म्हणून न्याय सारखा, हे तर्कशास्त्र भांडवलदारी कायद्याला शोभते.

उन्हाची सबब खोटी नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद मोटार भट्टीसारखी तापते, हे कोण नाकारील? परंतु ही उष्णता न्यायालयापुढे मांडली गेली ती फिल्मच्या बाजूने, म्हणजे ज्यांच्या गाडीत गार हवेचे यंत्र आधीच आहे त्यांच्या बाजूने. लाल परीचा चालक इंजिनाची धग सोसत पिढ्यान्‌पिढ्या भर दुपारी गाडी हाकीत आला; त्याच्या घामासाठी कोणी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढले नाही. नव्या अवजड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे व्हावयास २०२५ साल उजाडावे लागले.

अलीकडे वाद पुन्हा उकरला गेला आहे. शंभराव्या नियमात २०२० साली दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षा काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’, म्हणजे प्लास्टिकचा थर जोडलेली काचही मान्य झाली. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म लावणाऱ्यावर कारवाई करता येणार नाही, असा निर्णय दिला. दुकानदार आता त्याच निर्णयाची कात्रणे दाखवितात. त्यातली टक्क्यांची अट मात्र गाळतात. फिल्म की काच, हा वाद वकिलांनी खुशाल लढवावा. ७० आणि ५० हे आकडे कोणत्याही न्यायालयाने खाली आणलेले नाहीत, आणि टॅक्सीचालकांच्या संघटनांनी सभासदांना तेवढे जरी नीट समजावले तरी बऱ्याच पावत्या वाचतील.

पुढाऱ्यांच्या काचांचा प्रश्न वेगळ्या मार्गाने धरावा लागेल. आपल्या राज्यात काळ्या काचांची सूट आजवर किती जणांना दिली गेली आणि आज किती जणांकडे आहे, एवढी संख्या माहितीच्या अधिकाराखाली गृहखात्याकडे मागता येते. नावे मागितली तर सुरक्षिततेचे कारण पुढे करून नकार मिळेल. संख्येला ते कारण लागू पडत नाही. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. उत्तर आल्यावर जिल्हा परिषदेच्या सभेच्या दिवशी आवाराबाहेर उभे राहून काळ्या काचांच्या मोटारी मोजाव्यात आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी फलकावर लिहावेत.