उकिरड्याचे अर्थशास्त्र

शेणखताविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणाला ते मागासलेल्या शेतीचे लक्षण वाटते, तर कोणाला साऱ्या व्याधींवरचा एकमेव उतारा. दोन्ही पक्ष एक साधा प्रश्न मात्र विचारीत नाहीत: हे खत कोणाच्या गोठ्यात तयार होते आणि कोणाच्या शेतात पडते? निरनिराळ्या देशांचा गेल्या शे-दीडशे वर्षांचा अनुभव पाहिला तर हा प्रश्न टाळता येत नाही.

शेणखताच्या गुणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे 1852 पासून बार्लीच्या एका शेतावर प्रयोग चालू आहे. त्यातील एका तुकड्याला 1871 पर्यंत दरवर्षी हेक्टरी सुमारे 35 टन शेणखत देण्यात आले आणि पुढे ते बंद करण्यात आले. त्या वीस वर्षांच्या खताचा प्रभाव शंभर वर्षांनंतरही मातीत आढळला. पिढ्यान् पिढ्या टिकणारी अशी ही गुंतवणूक आहे. परंतु आज जेवायला काय, याची ज्याला विवंचना आहे, त्याने नातवासाठी गुंतवणूक करावी कशी?

नेदरलँड्सची अडचण नेमकी उलट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे डुकरे, कोंबड्या व दुभती जनावरे यांची संख्या अफाट वाढली. त्यांचे खाद्य ब्राझीलच्या सोयाबीनच्या आणि थायलंडच्या टॅपिओकाच्या रूपाने बोटींतून आले. दूरदेशीच्या मातीतील सत्त्व रॉटरडॅमच्या बंदरात उतरले आणि शेण होऊन एका चिमुकल्या देशात साचले. 1984 साली सरकारला नव्या वराह व कुक्कुट प्रकल्पांवर बंदी घालावी लागली. 1991 साली युरोपीय समुदायाने जनावरांच्या खतातून हेक्टरी 170 किलोपेक्षा अधिक नत्र देऊ नये असा निर्बंध घातला. 2019 साली नत्राच्या प्रश्नावरून डच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरात शिरले. शेतीपासून पशुपालन तोडून त्याचा कारखाना केला की खताचे विष होते, हा त्याचा अर्थ.

भारतात दैन्य आहे ते टंचाईचे. ब्रिटिश सरकारने पाठविलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी 1893 च्या अहवालात स्पष्ट केले की, येथील रयत अज्ञानापोटी शेण जाळीत नाही, सरपण मिळत नाही म्हणून जाळते. त्याच्या दहा वर्षे आधी, 1883 मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जंगलखात्याने गरिबांची चराई गिळल्याची तक्रार मांडली होती. चराई गेली की जनावर गेले, जनावर गेले की खत गेले. पुढे 1924 ते 1931 या काळात इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी शेण आणि काडीकचरा यांपासून उत्तम कंपोस्ट करण्याची पद्धत बसविली. तंत्र हाती आले. पण ज्याच्यापाशी जनावरही नाही आणि खड्ड्यापुरती जागाही नाही, त्याला तंत्राचा काय उपयोग?

ही उणीव भरून काढण्याच्या जुन्या सामाजिक रीती होत्या. पावसाळा संपला की देशावरचे धनगर कोकणात उतरतात, भाताच्या मोकळ्या शेतांत मेंढ्या बसवितात आणि त्याबद्दल धान्य वा पैसा घेतात. ही वाटही आता कुंपणांनी आणि गायरानांवरील अतिक्रमणांनी अरुंद होत चालली आहे.

मग युरिया टाकून द्यावा काय? नाही. श्रीलंकेने 2021 साली रासायनिक खतांची आयात एकाएकी थांबविली आणि काही महिन्यांतच तिला माघार घ्यावी लागली. हिशेब सरळ आहे. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे 20 किलो नत्र असते. शेणखतात नत्र अर्धा टक्का धरले, तर तेवढ्यासाठी 4 टन खत भरावे, वाहावे आणि पसरावे लागते. मातीचा पोत सुधारतो तो मात्र याच 4 टनांनी. म्हणजे शेणखताची खरी किंमत श्रमाची आहे, आणि हा श्रम फुकट गृहीत धरला जातो. तो बहुधा बायकांचा असतो.

सरकारी पैसा कोठे जातो ते पाहा. 2022–23 या एका वर्षात केंद्राचे खत-अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात पोहोचले. 2023 साली सेंद्रिय खतालाही टनामागे 1500 रुपयांचे साहाय्य मंजूर झाले, परंतु ते गोबरवायू प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या खताला. घरच्या उकिरड्याला नव्हे. छत्तीसगडने 2020 साली किलोला 2 रुपये दराने शेण खरेदी सुरू केली, तेव्हा भूमिहीन गुराख्याच्याही हाती पैसा आला. डिसेंबर 2023 मधील सत्तांतरानंतर ती योजना मागे पडली. तिच्यात दोष असतील. पण शेण गोळा करणाऱ्याचा श्रम मोजला पाहिजे हे तिचे तत्त्व सोडून देण्याजोगे नाही.

कार्यकर्त्यांनी यातून तीन कामे उचलावीत. गावची गायराने मोजून घ्यावीत. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निर्णय त्यासाठी हाती आहे. मात्र बड्यांची कुंपणे काढताना भूमिहीनाची झोपडी प्रथम पाडली जाणार नाही, याची जबाबदारीही आपलीच. दुसरे, 1977 साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात कंपोस्टचे खड्डे भरणे, खत वाहणे आणि चराऊ कुरणे राखणे ही मजुरीची कामे म्हणून मान्य व्हावीत. तिसरे, चुलीला परवडणारे इंधन मिळावे. त्यावाचून गोवऱ्या थापणाऱ्या बाईला मृत्तिकेचे महत्त्व सांगणे हा उद्धटपणा ठरेल.

जमिनीचा कस आणि जमिनीची वाटणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे आपण फार काळ मानले. उकिरडा मात्र ते दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी आणून ठेवतो.